घे काखेत, हमायाक!

मी नर्दीचा, म्हणजे फासे टाकून सोंगट्या पळवायच्या खेळाचा, एक जुना पट आहे. जुना म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. येरेवानच्या शनिवार-रविवारच्या बाजारात माझ्याइतकी माणसं कुणी पाहिली नसतील आणि माझ्याइतकी डावात हरवलीही नसतील.

मला उस्ताद हमायाक यांनी आपल्याच अंगणातल्या अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. लाकूड हिवाळ्यामागून हिवाळे सुकू दिलं, मग पटाशीने माझ्या झाकणावर डाळिंबाची फांदी कोरली, कडेने द्राक्षाचे वेल फिरवले आणि शेवटी तेल चोळून मला लख्ख केलं. मी पेटीसारखा उघडतो. आत सोंगट्या आणि दोन फासे. दोन्ही फाशांवर सहा पडले की खेळणारा ‘दुशेश!’ म्हणून असा ओरडतो, की शेजारच्या गाडीवरची कॉफी उतू जाते.

आमच्याकडे नर्दीत हरणाऱ्याची धडगत नसते. जिंकणारा पट मिटतो, हरलेल्याच्या काखेत कोंबतो आणि म्हणतो, "जा, शिकून ये." उस्तादांनी याच रिवाजावर धंदा केला. गिऱ्हाईक आलं की मला उघडून म्हणायचे, "आधी एक डाव." गिऱ्हाईक हरायचंच. मग टेबलावरचा एक नवा पट त्याच्या काखेत देत ते मायेने म्हणायचे, "तुझं दुखणं मला लागो! आता काखेत घेतलाच आहेस, तर पैसे देऊनच जा." गिऱ्हाईक हसत हसत पैसे काढायचं. मला मात्र त्यांनी कधी विकलं नाही. माझ्या कडा झिजल्या, एक बिजागरी सैल झाली, तरी टेबलावरची मधली जागा माझीच.

पुढे उस्तादांचे हात कापू लागले. पटाशी धरवेना. त्यांची मुलगी शोघिक लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून लाकूड तासत आली होती. तिने काम हाती घेतलं. खरं सांगतो, तिची डाळिंबं माझ्यावरच्या डाळिंबांपेक्षा रसरशीत होती. पण उस्ताद तिचे पट टेबलाखाली घोंगडीत गुंडाळून ठेवायचे. वर मांडायचे ते स्वतःचे उरलेसुरले.

"नर्दी हा पुरुषांचा खेळ," ते म्हणायचे. "बाईच्या हातचा पट कोण घेणार? लोक हमायाकचा हात विकत घेतात."

"हात?" शेजारी लोकरीचे मोजे विकणाऱ्या आरुस्याक मावशी म्हणायच्या. "त्या हाताने तुला कॉफीचा कप धरवत नाही. हा माल संपला की काय विकशील, स्वतःच्या मिशा?"

शोघिक पुढचं लाकूड तासत राहायची. संध्याकाळी घोंगडी उचलून घरी न्यायची, तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

एका रविवारी बर्फ भुरभुरत होता आणि विकायला उस्तादांचा एकच पट उरला होता. शोघिक टेबलाला वळसा घालून गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"आज गिऱ्हाईक मी. मांडा डाव."

"बापाची थट्टा करतेस?"

"हरले तर पुन्हा पटाशीला हात लावणार नाही. जिंकले तर माझा पट काखेत घेऊन तुम्ही अख्खा बाजार फिरायचं. कुणी विचारलं, की कुणाच्या हातचा ते खरं सांगायचं."

"अगं, या टेबलावर मी कधी हरलो नाही."

"मग घाबरता कशाला?"

फासे खुळखुळले. उस्तादांची एक खोड होती. ते मुद्दाम एक सोंगटी एकटी सोडायचे. गिऱ्हाईक ती मारायला धावायचं आणि आपलं घर उघडं टाकून बसायचं. त्या दिवशीही त्यांनी ती सोडली. शोघिकने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ती आपलं घर बंद करत राहिली. उस्तादांच्या कपाळावर आठ्या पडल्या. शेवटी तिला दुशेश पडलं आणि तिच्याआधी मावशीच ओरडल्या, "घे काखेत, हमायाक!"

उस्तादांचा हात सवयीने माझ्याकडे आला. शोघिकने तो अडवला, घोंगडी सोडली आणि आपला पट त्यांच्या काखेत दिला. मला क्षणभर हेवा वाटला. त्या काखेत जायचा मान मला कधी मिळाला नव्हता. उस्ताद मान खाली घालून निघाले आणि गालिच्यांच्या रांगेआड गेले.

"जास्त तर नाही ना झालं, मावशी?" शोघिक सोंगट्या गोळा करत म्हणाली.

बऱ्याच वेळाने उस्ताद परत आले. काख रिकामी होती.

"पट कुठाय?" शोघिकने विचारलं.

"ग्युम्रीच्या एका बाईने काखेतूनच ओढून घेतला. जावयाला भेट द्यायचाय म्हणे. तिने विचारलं, कुणाचा हात?" उस्तादांनी नोटा तिच्या हातात ठेवल्या. "म्हटलं, माझ्या लेकीचा." मग तेच गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे राहिले आणि मला उघडून म्हणाले, "मांड दुसरा डाव. अर्धा बाजार फिरायचा राहिलाय."

मित्रांनो, त्या दिवशी उस्ताद संध्याकाळपर्यंत हरत राहिले आणि घोंगडी रिकामी झाली. आता टेबलावर शोघिकचे पट असतात आणि मधोमध मी. आमच्यातला एखादा कुणाला भेट द्यायला नेलात, तर भिंतीवर टांगू नका. त्याला तेल चोळा, त्याच्यावर खेळा, भांडा. आणि कुणाच्या हातचा आहे, हे विचारल्याशिवाय तर घेऊच नका. त्या प्रश्नाची वाट बघत उस्ताद घोंगडी गुडघ्यांवर घेऊन बसलेले असतात.