कप्तानाचं खोगीर

नालायक माणसांचा भरणा केला की लोक त्याला खोगीरभरती म्हणतात, ह्याचा नूरजहांबीला मनापासून राग. "खोगीर भरायला अक्कल लागती," ती म्हणायची. "माणसं काय, तोंड वासून बसलेली कुठंबी घावत्यात."

चाळीस वर्षं तिनं पाचगणीच्या घोड्यांची खोगिरं भरली होती. नवरा मोहिद्दीन चामडं कापायचा, ती लोकर भरायची. तो गेल्यावर लेकानं, अजहरनं, तिला सांगलीला आणलं. मिरज रस्त्याला अजहरचं सीट कव्हरचं दुकान होतं. ट्रक असो, जीप असो, नवी मारुती असो, खाली फोम घालायचा आणि वर चकचकीत रेक्झिन ठोकायचं, एवढाच त्याचा धंदा. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात नूरजहांबीचं बस्तान. एक पाट, तीन दाभणं, मेणाचा गोळा आणि औंधाकडच्या मेंढरांच्या लोकरीची दोन पोती. तिथं बसून ती येणाऱ्या गिऱ्हाइकाची बसण्याची तऱ्हा बघायची आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं मत द्यायची.

त्या साली, चौऱ्याण्णव असेल, अजहरनं फोम कापायचं मशीन ठरवलं. ते ठेवायला जागा एकच, आईचा कोपरा.

"दिवाळी झाली की येतंय, अम्मा. तुझी पोती पाचगणीला पाठवू. आता खोगीर कोण भरून घेतंय?"

"आणि मला कुठं पाठवतोस? पोत्यात घालून?"

अजहर रेक्झिनचं माप घ्यायला लागला.

दसऱ्याच्या आधी एक जीप दारात थांबली. तिच्यातून एक माणूस असा उतरला, की नूरजहांबीनं हातातलं दाभण खाली ठेवलं. आधी एक पाय, मग दाराला धरून दुसरा, मग कंबर, आणि सगळ्यात शेवटी तोंड. हे कॅप्टन बुद्धभूषण बनसोडे. मूळचे मेढ्याकडचे, विमानदलातून निवृत्त झालेले. सांगलीबाहेरच्या माळावर पोरांना विमान चालवायला शिकवत. विमान म्हणजे दोन माणसांचं, रिक्षेला पंख फुटल्यासारखं. बगलेत त्याचीच सीट होती, बसून बसून पापड झालेली.

"पोरं विमान उतरवत न्हाईत, आपटतात," कॅप्टन म्हणाले. "आणि दर आपटी माझ्या माकडहाडात येती. डॉक्टर म्हणतोय, असंच चाललं तर उडणं बंद. जरा मऊ करून द्या."

"सोफा करून देतो, साहेब," अजहर म्हणाला.

"मऊ नको करू," मागनं आवाज आला.

"अम्मा, तू गप."

"लोण्याच्या गोळ्यावर धोंडा टाक. कुठं थांबतो सांग. तळालाच न्हवं?"

अजहरनं वीतभर फोम घातला. वर निळं रेक्झिन, कडेला पांढरी गोट. सीट अशी फुगली, की नवरीला बसवावी.

आठ दिवसांनी कॅप्टन परत आले ते काटकोनात. सोबत एक विद्यार्थिनी, नीलिमा नावाची. ती सीट धरून उभी होती आणि मान वर करत नव्हती.

"पहिल्यांदा तर डोकंच छताला लागलं," कॅप्टन सांगू लागले. "मग हिनं विमान उतरवताना चार हात वरनं सोडलं. फोम दबला, दबला, दबला, आणि मग पत्रा आला."

"सॉरी सर," नीलिमा पुटपुटली.

"तू काय सॉरी, बाई. शिकणारं आपटणारच. चूक माझी. न विचारता सीट बदलली. आता विमानखात्याचे मुंबईचे साहेब शुक्रवारी तपासायला येत्यात. त्यांच्या सहीबिगर ही सीट विमानात जाणार न्हाई."

नूरजहांबी कोपऱ्यातून उठली. गुडघे कडाडले, त्यांनाही तिनं एक शिवी दिली.

"कप्तान, पाठ करा हिकडं."

कॅप्टननं पाठ केली. तिनं कण्याच्या शेवटाला अंगठा टेकवला आणि कॅप्टन हातभर उडाले.

"पाचगणीचा काळू बी असाच उडायचा," ती समाधानानं म्हणाली. "घोडा व्हता. त्याच्या खोगिराची पन्हळ बुजली व्हती."

"अम्मा!" अजहर ओरडला.

"तू ऐक. खोगिराच्या पोटाला मधोमध पन्हळ ठेवायची असती. वजन दोन्ही अंगानं मांसावर पडलं पायजे, कण्यावर काय टेकता कामा नये. कणा दुखला की घोडं कामातनं गेलं. तू सीट बनवतोस ती स्वारासाठी. ह्या विमानात हे स्वार न्हाईत. आपट्या कोण खातं? वजन कोण झेलतं? कप्तान, तुमी घोडं."

नीलिमाला खोकला आला, तो काही खरा नव्हता.

"घोडं तर घोडं," कॅप्टन म्हणाले. "चाची, तुमी करा."

"करीन. पण ह्याच्यासमोर बोलते. सीट पास झाली तर कोपरा माझा. दिवाळीपतूर न्हाई झाली, तर पोती मी सोता भाईर काढीन."

अजहरनं कॅप्टनकडं बघितलं, आईकडं बघितलं. गिऱ्हाइकासमोर नाही म्हणायची सोय नव्हती. "कबूल," तो म्हणाला.

मग तिनं घमेलंभर माती भिजवली, फरशीवर चांगली चार बोटं जाड थापली आणि कॅप्टनना म्हणाली, "बसा."

"ह्याच्यात?"

"मग काय माज्या डोक्यावर? माप कसं घेऊ? आणि थांबा, मागच्या खिशातलं पाकीट काढा आधी. खोगिराखाली कुणी पाकीट ठेवतं व्हय?"

विमानदलातला मेडल मिळवलेला माणूस इस्त्रीच्या विजारीनिशी चिखलात बसला. रस्त्यावरचा एक टेम्पोवाला गाडी हळू करून बघून गेला. कॅप्टन उठले तेव्हा मातीत दोन खळगे उमटले होते, एक खोल, एक उथळ. नूरजहांबी त्यांच्याकडं पत्रिका बघितल्यासारखी बघत राहिली.

"तुमी एका कुल्ल्यावर बसता. ते पाकीट बायकूकडं देऊन टाका."

चार दिवस तिनं कोपरा सोडला नाही. लोकर पिंजली, थरावर थर लावून काठीनं ठासली. खळग्यांच्या मापानं दोन बैठका केल्या, मध्ये मागच्या अंगाला पन्हळ ठेवली. वर लोकर कुटून केलेला नमदा ओढून मेणाच्या सुतळीनं शिवला. जाडी तीन बोटं, त्यावर तसूभर नाही. अजहर म्हणाला, "ही सीट का पाटा?"

"दाबून बघ. दबती, पण तळ गाठत न्हाई. तुझा फोम दबला की कमरेचा पट्टा ढिला. घोड्याचा तंग ढिला पडला की स्वार कुठं जातो ठावं हाय? घोड्याच्या पोटाखाली. हितं खाली घोडं न्हाई, रं बाबा. माळ हाय."

अजहरनं दाबून बघितलं. दोनदा बघितलं.

शुक्रवारी साहेब दुकानात आले. सडपातळ, फाइल छातीशी धरलेले. सीट उलटीपालटी केली.

"आत काय भरलंय?"

"लोकर."

"कंपनी कुठली?"

"मेंढरं."

साहेबांनी लिहायला उघडलेलं पेन परत बंद केलं. "हे बघा बाई, आग लागली तर भडकेल असं काही विमानात चालत नाही. लोकर म्हणजे केसच की."

अजहरनं हळूच कोपऱ्याकडं नजर टाकली, मशीन बसेल का ते बघितल्यासारखी. ती नजर नूरजहांबीनं पकडली. तिनं एका हातात फोमचा तुकडा घेतला, दुसऱ्या हातात लोकर, आणि दुकानाबाहेरच्या गटारीच्या कडेला दोन्ही मांडले.

"काडी लावा."

"अहो, अशी चाचणी नसते."

"भ्यालासा?"

साहेबांनी नाइलाजानं काडी ओढली. फोम भक्कन पेटला, मेणासारखा वितळून थेंब थेंब गळायला लागला आणि असा काळा धूर सुटला, की शेजारचा पानवाला दुकान सोडून पळाला. लोकरीला काडी लावली. ती कुरळी झाली, काळी पडली, जळक्या केसांचा घाण वास सुटला आणि विझली. साहेबांनी दुसरी काडी लावली. विझली. तिसरी त्यांनी स्वतःच्या हौसेनं लावली.

"धनगर उगं घोंगडं पांघरून शेकोटीला बसतो व्हय?" नूरजहांबी म्हणाली.

साहेबांनी ती काळी गोळी पेनाच्या टोकानं उलटून बघितली. मग म्हणाले, "नमुना मुंबईला तपासणीला पाठवतो. सीटही न्यावी लागेल. कागद येईपर्यंत काही सांगता येत नाही."

कागद काही येईना. कोजागरी झाली, दिवाळी आली. कॅप्टन जमिनीवरूनच पोरांना शिकवत होते, असं कळलं. पाडवा झाला, भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनचा टेम्पो दारात उभा राहिला.

अजहर डोकं खाजवत म्हणाला, "अम्मा, आठ दिवस थांबायला सांगू का त्यास्नी?"

"भीक नको घालू. बोलले ते बोलले."

तिनं स्वतः पोती ओढून बाहेर काढली. हमाल पुढं आला, त्याला हाकललं. पाट काढला, दाभणं कमरेला खोचली आणि फुटपाथवर पोत्यावर बसली, जणू सगळा मिरज रस्ता तिनं खंडानं घेतलाय. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. "वाजव," ती म्हणाली, "माझ्या लग्नात बी येवढं वाजलं नव्हतं." मान ताठ होती. फक्त कोपऱ्याकडं तिनं वळून बघितलं नाही.

मशीन टेम्पोतून निम्मं खाली आलं होतं, तेवढ्यात जीप आली. कॅप्टन उतरले, हातात कागद फडकवत.

"चाची! परवाच..."

"कागद नंतर," नूरजहांबीनं हात वर केला. "सीट घातली का विमानात?"

"कालच घातली. सही झाल्यावरच. आज सकाळी उडालो बी."

"पोरीनं आपटलं?"

"लय आपटलं," जीपमधून नीलिमाच बोलली. ह्या वेळी मान वर होती.

"मग चालून दाखवा. त्या खांबापतूर जा आणि परत या."

भर रस्त्यात कॅप्टन बनसोडे खांबापर्यंत गेले आणि परत आले. नूरजहांबी पोत्यावर बसून डोळे बारीक करून त्यांच्या कमरेकडं बघत होती. हमालही अर्धवट उतरवलेलं मशीन तसंच धरून बघत राहिले.

"अजून एकदा. दुडक्या चालीनं."

कॅप्टन दुडक्या चालीनं गेले.

"बरं हाय," ती म्हणाली. "कागद त्या अजहरला द्या. तो शिकलेला हाय, त्याला लागतो. मला काय करायचाय? घोडं सरळ चालतंय."

अजहरनं कागद वाचला. खाली सही होती, तारीख दिवाळीच्या आधीची. मग हमालांना म्हणाला, "मशीन त्या पडवीत ठेवा."

"पडवीत पावसाचं पाणी येतंय की," हमाल म्हणाला.

"ह्या फोमवाल्याला सांगा, मशीनवर घोंगडं टाकायला," नूरजहांबीनं सुचवलं, आणि उठून पोत्याचा कान धरला. दुसरा कान अजहरनं न सांगता धरला.

आत जाता जाता तिनं नीलिमाला न्याहाळलं. पोरगी जीपमधून उतरली होती आणि एक हात कमरेवर ठेवून उभी होती.

"तुझं बी दुखतंय न्हवं?"

"थोडं."

"पाकीट हाय खिशात?"

"न्हाई, चाची."

"मग विजार मळंल, तयारी ठेव. अजहर, घमेलं आण. आणि माती जरा बारीक चाळ, पोरीच्या जातीला खडे टोचत्यात."