रस्सी आधी कोणी सोडायची

नेरुळच्या त्या सोसायटीत शनिवारी सकाळी ए विंग आणि बी विंग यांची रस्सीखेच सुरू झाली आणि रविवार उजाडला तरी संपेना. दोष सगळा पाहुण्यांच्या भाषणाचा.

पाहुण्या म्हणजे सी विंगच्या संघमित्रा मॅडम. त्या कॉलेजात प्राचीन ग्रीक शिकवतात. उद्घाटनाला त्यांनी एक ग्रीक क्रियापद सांगितलं, ‘एक्काकेओ’. म्हणजे अवसान गळणं. पण भिऊन पळणाऱ्याचं नव्हे, त्या म्हणाल्या. हात कामावर असतात आणि मन कधीच उठून गेलेलं असतं, ते. टाळ्या पडल्या. एवढं ऐकल्यावर दोरी आधी सोडणार कोण? सेक्रेटरी चंद्रशेखरनी तर जाहीरच केलं, की जी विंग सोडेल तिच्या नावापुढे हा शब्द नोटीस बोर्डावर कायमचा लागेल.

मग दोन्ही विंगा हटून बसल्या. घरोघरून डबे आले. लोकांनी एका हाताने दोरी धरून दुसऱ्या हाताने पोहे खाल्ले, ऑफिसचे कॉल घेतले, उभ्या उभ्या डुलक्या काढल्या. दुपारी बी विंगच्या कुणीतरी मधल्या दोरीवर टॉवेल वाळत घातले. ते जमिनीला टेकत होते, पण कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

ए विंगच्या अगदी शेवटी हौसेराव उभे होते. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात उभी हयात पोती वाहिलेले. म्हणून तर त्यांना तिथे लावलं होतं. पण त्यांचा जीव सीवूड्सच्या डोळ्यांच्या दवाखान्यात अडकला होता. बायकोचं, प्रेमलाचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि रविवारी सकाळी पट्टी सुटणार होती. नव्या डोळ्याला पहिलं तोंड तुमचं दिसू दे, एवढंच तिने जाताना मागितलं होतं.

खरं सांगायचं तर हौसेराव पहिल्या चहालाच ढिले पडले होते. तेव्हापासून त्यांनी दोरी नुसती धरली होती, ओढली नव्हती. पुढचे सगळे जिवाच्या आकांताने ओढतायत आणि आपण तेवढे लबाडी करतोय, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

रविवारी लेकीचा, प्रियदर्शिनीचा, फोन आला. डॉक्टर कधीचे थांबलेत, पण आई कुणाला पट्टीला हात लावू देत नाही.

“मी सोडतोय रं,” हौसेराव पुढच्या विश्वजितला म्हणाले. “मानसं पडतील, सांभाळ.”

त्यांनी डोळे मिटून दोरी सोडली.

कोणी पडलं नाही. दोरी तसूभरही हलली नाही. विश्वजितने मागे पाहिलं आणि हळूच त्यानेही सोडली. मग त्याच्या पुढच्याने, मग समोरच्या बी विंगने. टॉवेलांसकट दोरी जागच्या जागी पडून राहिली. कोण कधीपासून ओढत नव्हतं, ते कुणी कुणाला विचारलं नाही.

हौसेराव रिक्षाने दवाखान्यात पोचले. प्रेमला खुर्चीत ताठ बसली होती, डोळ्यापुढे तळहाताची ढाल धरून. नर्सने विनवण्या केल्या होत्या, डॉक्टरांनी रागावून पाहिलं होतं. हात भरून आला होता, पण तिने तो खाली घेतला नव्हता.

हौसेराव समोर बसले तेव्हाच पट्टी निघाली. तिने त्यांचं तोंड डोळे भरून पाहिलं. मग त्यांचे दोन्ही हात ओढून घेतले आणि तळवे उलटून पाहिले.

“कालपास्नं दोरी वढताय म्हनं,” ती म्हणाली. “एक वरखडा न्हाई.”

हौसेरावांना तो ग्रीक शब्द आठवला. ते तिचा अवघडलेला हात चेपत बसले.