पाचशे योद्धे आणि एक पायपुसणं

"नकार असा द्यावा बाळ, की घेणाऱ्याला वाटावं, आपल्याला काहीतरी मिळालं."

शेजारीण तिसऱ्यांदा इस्त्री मागायला आली, त्या दिवशी आईनं हे सांगितलं होतं. शेजारीण हसत हसत रिकाम्या हातानं परत गेली आणि तपासनीसबाईंनी तेवढ्यावर जन्माची खूणगाठ बांधली. इस्त्रीपुरतं सांगितलेलं शहाणपण एक दिवस ड्रॅगनच्या आड येईल, हे आईला तरी कुठं ठाऊक होतं?

बाई शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्या आणि 'अग्निकडा' नावाच्या एका कॉम्प्युटर-खेळाच्या मंडळींत जाऊन बसल्या. खेळ लढाईचा. किल्ले, सैन्य, आग ओकणारे ड्रॅगन. खेळणारे हौसेनं त्यात आपली आपली भर घालत. कुणी नवा घोडा बनवी, कुणी नवी तोफ, एकानं ड्रॅगनला स्वेटर विणून घातला होता. अशा घरगुती भरीला सगळे 'मॉड' म्हणत. आलेला प्रत्येक मॉड आधी बाईंच्या टेबलावर यायचा. तो चालवून बघायचा, बिघडला असेल तर सुधारायचा आणि मग तीनपैकी एक बटण दाबायचं: होकार, नकार किंवा नंतर पाहू.

बाईंचे दोन नेम होते. सकाळची प्रार्थना झाली की तीन मॉड तपासायचे, हा एक. कुणाला टोचेल असं अक्षर लिहायचं नाही, हा दुसरा. या दुसऱ्या नेमापायी नकाराच्या बटणाला त्यांच्या बोटाचा कधी स्पर्श झाला नव्हता. त्या एक गोड पत्र लिहायच्या आणि 'नंतर पाहू' दाबायच्या.

"वहिनी, तुमच्या पत्रानं माणूस सुधारतो की सोकावतो?" शेजारच्या टेबलावर शिवणयंत्र चालवता चालवता नणंद विचारायची.

"समजणाऱ्याला समजतं, वन्सं."

"आणि न समजणाऱ्याला?"

न समजणारा वसंताच्या सुरुवातीला उगवला. त्याच्या मॉडचं नाव होतं 'मावशी'. किल्ल्यात एक मावशी फिरायची आणि योद्ध्यांना सांगायची, "पाय पुस. दिवा बंद कर. तलवार जागेवर ठेव." एवढंच. आवाज मात्र असा खणखणीत, की बाईंनी स्वतः खुर्चीत पाठ ताठ केली. पण मावशी प्रत्येक दारात, प्रत्येक बुरुजावर, ड्रॅगनच्या गुहेतसुद्धा उभी. वाट अडायची. बाईंनी लिहिलं, "मावशी फार मायेनं घडवली आहे. थोडी कमी दिसली, तरी मनात राहीलच."

आठ दिवसांनी सुधारलेला मॉड आला. आता मावशी दिसत नव्हती. आवाज आभाळातून येत होता.

बाईंनी दुसरं पत्र लिहिलं. "मावशींना अधूनमधून विश्रांती मिळाली, तर खेळाडूंनाही बरं वाटेल."

त्यानं मावशीला दुपारची झोप दिली. एक ते तीन. त्या वेळात सारं सैन्य चवड्यांवर चालायचं, तोफा उडायच्या नाहीत, आणि ड्रॅगन गाल फुगवून, आग तोंडात धरून बसायचे. तीन वाजले की सगळे एकदम ओकायचे. त्यात बाईंच्या तपासणीच्या खेळातले दोन किल्ले कायमचे गेले.

तिसरं पत्र. "शिस्त चांगलीच. पण सगळ्यांनी ती एकाच वेळी पाळावी, असं कुठं आहे?"

यावर त्यानं किल्ल्याच्या वेशीत पायपुसणं टाकलं. एक. एकेकानं पाय पुसायचे. खाली आभार मानले होते: 'तुमच्यासारखं मार्गदर्शन आजवर कुणी केलं नाही. कधीही चहाला या.' आणि घरचा पत्ता.

बाईंनी कपाळाला हात लावला आणि सवयीनं 'नंतर पाहू' दाबलं.

आता झालं असं, की 'नंतर पाहू'चे मॉडही मंडळींच्या, फक्त मोठ्या वेढ्याला उघडणाऱ्या, सामायिक गाठोड्यात आपोआप जात. हे कुणाच्या लक्षात नव्हतं, कारण इतर मॉडवाले बाईंचं गोड पत्र मिळताच आपला मॉड मुकाट्यानं मागं घेत. रविवारी वर्षातला मोठा वेढा होता. गुरुवारी त्याची रंगीत तालीम झाली. पाचशे योद्धे आरोळ्या ठोकत वेशीपर्यंत आले आणि रांगेत उभे राहिले. शत्रूही मागून आला, तोही रांगेत उभा राहिला. दोन तासांत एकशेदहा जणांचे पाय पुसून झाले. काहींनी एकमेकांचे नंबर धरून ठेवले.

संध्याकाळच्या आत मंडळींच्या मुख्यांचा फोन आला. मुख्य व्यवसायानं दाताचे डॉक्टर. मागं कुणाचं तरी कण्हणं ऐकू येत होतं.

"ताई, पत्रं वाचली तुमची. मलाच वाटलं, या माणसाला बक्षीस द्यावं."

"मी त्यांना सुचवलं होतं, डॉक्टर."

"सुचवून दात पडत नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत ती मावशी खेळातून गेली पाहिजे. तुम्ही काढा, नाही तर मी काढतो. आ करा. तुम्हाला नाही, ताई."

पत्रानं हे होणार नाही, एवढं बाईंना कळलं. शुक्रवारी सकाळी तीन मॉड तपासून त्या दिलेल्या पत्त्यावर गेल्या. चौथा मजला. मॉडवाला पेशानं लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि त्याच्या इमारतीला लिफ्टच नव्हती.

"बाई, तुम्ही? या, या." लिफ्टवाल्यानं खुर्चीवरचे स्क्रू झटकले. खिडकीशी त्याची बायको बसली होती. गळ्याला पातळ रुमाल, मांडीवर पाटी. तिनं पाटीवर लिहून दाखवलं: 'पाय पुसलेत?'

बाई परत गेल्या आणि पुसून आल्या.

लिफ्टवाल्याला बोलायला कुणीतरी हवंच होतं. बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आवाज जाणार हे इस्पितळातल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मग आठ दिवस दोघं रेकॉर्डर घेऊन बसले. "म्हटलं, काहीतरी गोड बोलून ठेव. मला पुढं ऐकायला होईल. तर हिनं काय भरून ठेवलं? गॅस बंद केलास का. टॉवेल वाळत घाल. तीनशे चाळीस वाक्यं, बाई, आणि एकात प्रेम नाही."

बायकोनं लिहिलं: 'सगळ्यांत आहे.'

"आता घरात ती पाटीवर लिहिते. पण पाटीवर रागावता येत नाही हो. अक्षर सारखंच दिसतं. तिकडं खेळात मावशी होऊन तिनं एक हाक मारली की पाचशे माणसं थांबतात. काल तालीम बघताना रांग बघून हिला इतकं हसू आलं, चार महिन्यांत आलं नव्हतं तेवढं." त्यानं टेबलावरचा पेचकस उचलला. "नियम मी लिफ्टचेच लावलेत. दार पूर्ण लागल्याशिवाय काही हलायचं नाही. तसंच तिच्या प्रत्येक वाक्याला कुलूप: ते ऐकल्याशिवाय जग हलायचं नाही. बरोबर ना?"

बाईंच्या ओठांवर एक मऊ वाक्य तयार होतं. तेवढ्यात पाटी त्यांच्याकडं वळली.

'पत्रं वाचली. तुम्हाला नको आहे ना? मला पहिल्यातच कळलं. हा खूश होता म्हणून बोलले नाही. आता सरळ सांगा.'

बाईंनी पदर सारखा केला.

"नको आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळे खेळ बंद पडतो. उद्या संध्याकाळी हा मॉड निघणार. हे मी तीन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

लिफ्टवाल्याच्या हातातला पेचकस तसाच राहिला. बायकोनं पाटी पुसली, लिहिलं, 'बरं.' मग तेही पुसलं आणि पाटी मांडीवर पालथी ठेवली.

बाईंना वाटलं, आपण कुणाच्या तरी तोंडावर हात दाबून धरला आहे. त्या उठल्या नाहीत.

"दादा, एक विचारू? लिफ्टमध्ये माणसं थांबून कंटाळली, तर तुम्ही काय करता?"

"आरसा लावतो," तो यांत्रिकपणे म्हणाला. "लिफ्ट तितकीच हळू चालते, पण तक्रारी बंद होतात. माणूस नाही तरी उभाच असतो, त्याला काहीतरी बघायला..." आणि तो बाईंकडं बघत राहिला.

"मेलेले योद्धे," बाई म्हणाल्या.

या खेळात मेलेला योद्धा पुन्हा जिवंत व्हायच्या आधी दीड मिनिट एका ओसाड माळावर उभा असतो. तिथं गवतसुद्धा नीट रेखाटलेलं नाही. जो तो तिथं जांभया देतो.

"तिथं कुणाला अडवायचा प्रश्नच नाही," लिफ्टवाला हळूच म्हणाला. "आधीच अडलेले."

"शिवाय मेला म्हणजे काहीतरी चुकलेलंच असतं त्याचं. बोलून घ्यायला मोकळा."

बायकोचा खडू भराभर चालला. 'कितीजण मरतात?'

"वेढ्यात? दिवसाला दोन-तीन हजार."

तिनं मान हलवली. संख्या पटली होती. मग लिहिलं: 'सगळी वाक्यं. एकही गाळायचं नाही. टॉवेलचंसुद्धा.'

"एकही नाही गाळणार. उद्या संध्याकाळच्या आत प्रत्येकाचं कुलूप काढून माळावर लावते. शब्द दिला."

'गोड करू नका.'

"नाही करणार."

जिन्यातूनच बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. "मॉड किल्ल्यातून निघेल. पण माळावर राहील. मी तसं ठरवलंय."

"ताई, तुम्ही 'ठरवलंय' म्हणालात?"

"हो."

पलीकडं ड्रिल थांबलं. "माळावर मला तसाही वैताग येतो," डॉक्टर म्हणाले. "उद्या सहापर्यंत."

घरी आल्यावर बाईंनी जुन्या 'मावशी'पुढचं नकाराचं बटण दाबलं. ते जरा कडक लागलं. नणंदेनं शिवण थांबवून चष्म्यावरून पाहिलं.

"तीनशे चाळीस वाक्यं, वहिनी? उद्यापर्यंत? एकेक ऐकून?"

"वाक्याच्या मागंपुढं खोकला आहे, श्वास आहे. तो कापला जाऊ नये."

"मग जेवण?"

"तुम्ही जेवून घ्या, वन्सं."

बाईंनी कोरी वही उघडली, पहिल्या पानाच्या समासात एक ते चाळीस आकडे घातले आणि कानावर हेडफोन चढवला. पहिलं वाक्य टॉवेलचं निघालं. त्यांनी ते दोनदा ऐकलं, त्याच्यावरचं कुलूप काढलं आणि ते माळाच्या अगदी मधोमध नेऊन ठेवलं.