पन्नासवर बसलेला काटा

त्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मामांच्या अंगणात त्रेसष्ट माणसं, सात शिलाई मशीन, चार पंखे, दोन पाण्याचे पंप आणि दाढी करायचं एक यंत्र हजर होतं. माणसं मी दोनदा मोजली, कारण श्रद्धाळू गर्दीत आकडा आपोआप फुगतो. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या: मामांच्या साठ वर्षं जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर बसवलेल्या, वाटीएवढ्या गोल मीटरकडे.

मोटार बंद होती. किल्ली मामांच्या खिशात होती. आणि इंजिनातल्या ऑइलचा दाब दाखवणारा काटा पन्नासवर ठाम उभा होता.

"पाहा!" आजारी यंत्रं मंत्राने बरी करणारे यंत्रगुरू म्हणाले. "इंजिन झोपलंय, पण प्राण जागा आहे. यंत्राला आत्मा असतो, आत्म्याला दाब असतो. दाब टिकला की आयुष्य टिकलं!"

"वा!" बँकेतून निवृत्त झालेले शेजारी म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या भिंग लावून तपासलेल्या या गृहस्थांनी इथे मात्र काहीच तपासलं नव्हतं.

चमत्कार तीन आठवड्यांचा होता. त्याआधी गाडी नुसती ठकठक करायची. नाक्यावरच्या मिस्त्रीने इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "मामा, आतली बेअरिंग झिजलीत. जुनं मीटर मेलंय, आधी नवं बसवू. आकडा बघू, मग इंजिन खोलू."

गाडी मामांच्या वडिलांची. ती खोलायची म्हणजे वडिलांच्याच पोटावर सुरी फिरवायची, असं मामांना वाटलं. त्यांनी मिस्त्रीला चहा पाजून वाटेला लावलं आणि यंत्रगुरूंना बोलावलं. अवघड उत्तर देणाऱ्यापेक्षा सोपं उत्तर देणारा माणूस नेहमीच जास्त विद्वान दिसतो.

यंत्रगुरूंनी आपलं 'सिद्ध' मीटर स्वतःच्या हाताने बसवलं. अटी दोनच. एक, इंजिन उपाशीपोटी हवं, म्हणजे रात्रभर बंद आणि पहाटे पहिल्यांदा सुरू. दोन, मीटरच्या नळीवरच्या मखमली खोळीला कुणी हात लावायचा नाही. पहाटे त्यांनी मामांना जोरात रेस करायला लावलं, सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि डॅशबोर्डखाली वाकून काहीतरी पुटपुटले. डोळे उघडले तेव्हा गाडी बंद आणि काटा पन्नासवर! आठवडाभरात तो केसभर खाली सरके. मग गुरू शनिवारी पहाटे येऊन त्याला 'दृष्टी' देत. अर्थात, डोळे इतरांनी मिटायचे.

इथवर मी हसून घेतलं असतं. पण सोमवारी मामींच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. दवाखाना घाटापलीकडे, तारीख चार महिने थांबून मिळालेली. मामींना याच गाडीतून न्यायचं, असा मामांचा हट्ट.

"चढावर इंजिन जाम होईल," मिस्त्रीने बजावलं होतं. "एका बाजूला दरी आहे, मामा."

"काटा बघ," मामा म्हणाले होते. "पन्नास!"

मामींनी दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. काटा त्यांना दिसतच नव्हता, आणि म्हणूनच त्या अंगणात काट्याने न फसलेलं माणूस त्या एकट्याच होत्या.

"अहो, गाडी सुरू करा जरा," त्या म्हणाल्या.

मामांनी केली. सकाळपासून लोकांना दाखवून दाखवून इंजिन चांगलं तापलं होतं. ठक-ठक-ठक.

"काटा किती?"

"पन्नास!" त्रेसष्ट तोंडं एकदम.

"पण आवाज तर तोच आहे."

"माई, तो जुन्या दोषांचा आवाज," यंत्रगुरू मधाळ हसले. "बाहेर पडतायत ते."

"पडू देत. रेस करा हो. आता?"

"पन्नास."

"बंद करा. आता?"

"पन्नास."

"चालू पन्नास, बंद पन्नास, हळू पन्नास, जोरात पन्नास. मग हा मोजतो तरी काय? माणसाचा दाब जिना चढला तरी बदलतो. मेल्यावर तर हमखास बदलतो, मी बघितलंय." मामी माझ्याकडे वळल्या. "भाचेबुवा, माणसं मोजून झाली असतील तर कपाटातलं माझं बीपीचं मशीन आणा."

आणलं. मामींनी यंत्रगुरूंना उठवलं आणि पट्टा त्यांच्याच खुर्चीच्या हाताला गुंडाळला. रबरी फुगा दाबला, झडप घट्ट केली.

"बँकवाले भाऊजी, आकडा वाचा."

"एकशे चाळीस," ते चाचरत म्हणाले.

"खुर्चीला बीपी आहे हो. मीठ कमी करायला सांगा."

पहिलं हसू शिलाई मशीनवाल्या बाईंचं फुटलं. हशा ऐकून नाक्यावरचा मिस्त्रीही 'काय झालं?' विचारत आत आला. पाच मिनिटं झाली तरी खुर्ची एकशे चाळीसच्या आसपासच.

"दाब आत कोंडला, तर काटा खाली येणार कुठून?" मामी म्हणाल्या. "आणि झडप सोडली की..." फुस्स. शून्य.

"खुर्ची गेली!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आता तुमची झडप कुठे आहे, महाराज?"

"खोळीला हात लावू नका! यंत्र कोपेल! डोळे जातील!"

"ते गेलेतच. सोमवारी यायचेत."

मामी डॅशबोर्डखाली वाकल्या. शिरा चाचपून सुई टोचण्यात आयुष्य गेलेली त्यांची बोटं तांब्याच्या बारीक नळीवरून सरकत खोळीत शिरली आणि थांबली. आत पितळेची एवढीशी तोटी होती. त्यांनी ती फिरवली. काटा सरकन शून्यावर आला. मामांचा चेहराही.

"पाहा! अविश्वासाने प्राण गेला!" यंत्रगुरू ओरडले.

"मिस्त्री, सुरू कर रे."

गाडी सुरू झाली. ठक-ठक-ठक. काटा कसाबसा आठवर आला. रेस केल्यावर पंचवीस. मामींनी तोटी बंद केली. "कर बंद." इंजिन थांबलं, काटा पंचवीसवरच.

"हा विश्वास आला." तोटी उघडली. शून्य. "हा गेला."

मग शिलाई मशीनवाल्या बाईंनी स्वतः करून पाहिलं. कसलीही साधना नसताना त्यांचाही चमत्कार पहिल्याच फटक्यात जमला.

"पण आमच्यासमोर काटा पन्नासवर कसा गेला होता?" बँकवाले म्हणाले.

"थंड ऑइल मधासारखं दाट असतं," मिस्त्री म्हणाला. "झिजलेलं इंजिनसुद्धा पहाटे दोन-चार मिनिटं पन्नास दाखवतं. तापलं की ऑइल पातळ होतं, फटीतून निसटतं, दाब पडतो. उपाशीपोटी म्हणजे तेच. त्या दोन मिनिटांचा दाब यांनी तोटी बंद करून मीटरमध्ये कोंडला." मग तो अदबीने यंत्रगुरूंकडे वळला. "महाराज, तुमच्या मोटारसायकलचं ऑइल बदलायला मंगळवारी येताय ना? दर वेळेसारखं?"

यंत्रगुरू खोळ न घेताच निघाले. मागोमाग सात शिलाई मशीन निघाली, पण नाक्यावर, मिस्त्रीच्या दिशेने.

मामा चाकाशी बसून राहिले. "म्हणजे घाटात..."

"घाटात इंजिन मेलं असतं, तरी यानं पन्नासच दाखवलं असतं," मिस्त्री म्हणाला.

मामांनी पाना मागितला आणि ते मीटर स्वतःच उतरवलं. सोमवारी मामी बसने गेल्या.

महिन्याभराने इंजिन उघडलं. बेअरिंग इतकी झिजली होती, की खालचं तांबं चमकत होतं. ती बदलून मिस्त्रीने साधं मीटर बसवलं. नळी उघडी, खोळ नाही, तोटी नाही. हादऱ्याने तुटू नये म्हणून नळीला एक वेटोळं, दोन्ही टोकांना पितळी कडी घालून आवळलेले नट. गाडी सुरू करून त्याने प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

नव्या चष्म्यातून मामींनी स्वतः वाचलं, "पंचेचाळीस."

मामांनी किल्ली फिरवली. काटा शून्यावर आला.

"पडला!" मामा खुशीत म्हणाले. महिन्यापूर्वी याच शून्याने त्यांचा चेहरा उतरला होता.

कुणी कधीच न पडणारा काटा दाखवला, तर मामींसारखं एवढंच विचारा: हे खोटं असतं, तर काटा कुठे असता? उत्तर 'तिथेच' असं आलं, तर तो काटा तुम्हाला काहीही सांगत नाहीये. मग हात जोडू नका. एक हात खाली घाला आणि तोटी शोधा. खोळ मखमली असेल, तर आधी खोळीतच शोधा.