जड धारंची म्हस

आमच्या घरात धारंच्या वक्ताला कुणी तोंड उघडायचं न्हाय, हा नेम हाय. टीव्ही बंद. फोन बंद. आत्ती, म्हंजे माझ्या सासूबाई, खोकला आला तरी तोंडाला पदर लावत्यात. म्हस बुजली की पान्हा चोरती, आन् एकदा चोरला की त्या वक्ताचं दूध गेलंच समजा. कोडोलीत बहुतेक घरांत हे पाळत्यात, पर आमच्याइतकं कडक कुठंच न्हाय. ते कडक मी केलंय.

का केलंय ते सांगते. बापानं हौसेनं संयोगिता असं लांबलचक नाव ठेवलं, आन् ह्या माणसांनी हाका मारून मारून ते झिजवून टाकलं. "संयोगे, च्या ठेवलास का?" "संयोगे, माझी गोळी कुठाय?" "आगं, डब्याचं झाकण!" "संयोगिताकाकी, बचत गटाच्या मिटिंगला येताय न्हवं?" हातातलं काम हातात ऱ्हातंय आन् दुसरी हाक येतीया. न्हाणीत गेलं तरी दारावर थाप. म्हशीला दावं असतंय, ते रात्री तरी सैल पडतंय. हाक काय सैल पडत न्हाय.

आमचा यशराज कोल्हापुरात इंजिनियरिंगला हाय, तिकडंच खोली घेऊन ऱ्हातोय. त्यानं मला फोनवर एक व्हिडिओ धाडला. "मम्मी, रोज धा मिनिटं स्वतःसाठी काढत जा. डोळे मिटून शांत बसायचं." बघितला बाई. पांढरी कापडं घातल्याली एक पोरगी समुद्राच्या काठाला मांडी घालून बसलीया. तिला वैरण टाकायची नव्हती, आन् तिची सासू कुठं समुद्रात वाहून गेलती का काय, कुणास ठाऊक. तरीबी मी एकदा करून बघितलं. दुपारी देवघरापुढं डोळे मिटून बसले. आत्ती आल्या, माझ्या कपाळाला हात लावून बघितला, आन् गल्लीत सांगून आल्या की सुनंला बरं न्हाय. शेजारच्या शालूबाई काढा घेऊन हजर! आमच्यात बाई नुसती बसली की ती आजारी असतीया, न्हायतर रुसल्याली. तिसरं कारण कुणाला ठावंच न्हाय.

मग सुंदरी आली. आमच्या ह्यांनी ओव्हरटाईम करून करून घेतल्याली म्हस. नावबी त्यांनीच ठेवलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्रीत हायत हे. मशिनीच्या आवाजात जलम गेलाय, त्यामुळं घरात हळू बोलायचं म्हटलं तरी गल्ली जागी करत्यात. गावात त्यास्नी कृष्णात पैलवान म्हणत्यात, कुस्ती कधी केली न्हाय तरी, निस्त्या आवाजावर.

सुंदरी कासंची लई मऊ. हात लावायचा अवकाश, धार बादलीत वाजायला लागायची. चुलीवरचा च्या उकळायच्या आत मी मोकळी. पहिल्याच सांजंला धार झाली आन् मी उठणार, तवा माझ्या ध्यानात आलं की बाहेर कुणी बोलत न्हाय. धार चाललीया म्हणून सगळं घर गप्प हुतं. सुंदरी आपली वैरण चघळत हुती. तिनं माझ्याकडं मान वळवली न्हाय, काय मागितलं न्हाय. मी तिच्या पोटाला कपाळ टेकलं. आत कुठंतरी गुडगुडत हुतं, अंग गरम हुतं. मी बसले. डोक्यातली सांडल्याली भांडी एकेक करून मांडणीला लागल्यागत वाटलं. लगीन झाल्यापास्नं मला असं कधी वाटलं नव्हतं.

बाहेर आले तर आत्ती दारात. "एवढा येळ?"

तोंडातनं निसटलं, "जड हाय धारंला."

जड धारंची म्हंजे जिचं दूध सडातनं सुटता सुटत न्हाय, पिळून पिळून बोटं मोडून येत्यात. आत्तींचं मनगट मोडल्यापास्नं त्यास्नी धार काढता येत न्हाय, तवा त्यांनी मान डोलवली. दुसऱ्या दिवशी मी तासभर बसले. मग रोजच. सकाळ-संध्याकाळ. सुंदरी परक्याला लाथ मारती, हेबी मीच सांगून ठेवलं, न्हायतर ह्यांनी एखाद्या दिवशी मदतीच्या नावाखाली बादली घेतली असती की. तिनं जलमात कुणाला लाथ मारली न्हाय बिचारीनं. पर कुणाचं काय बिघडत हुतं, सांगा? डेअरीला दूध येळंवर जात हुतं, भाकरी येळंवर हुत हुत्या. आन् मी त्या तासाच्या जोरावर दिवसभराच्या हाका गोड मानून घेत हुते.

ह्यांनी एकदा मलमाची ट्यूब आणली. जेवताना माझी बोटं हातात धरून बघितली. "लई दुखत्यात?"

मी व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मलम चोळून घेतलं. लाज वाटली, पर तास सोडवंना.

गेल्या आठवड्यात सांजच्याला मी बादली धुऊन गोठ्यात निघाले, तर हे एका माणसाला घेऊन आले. डोक्याला फेटा, हातात काठी, तोंडात तंबाखू.

"हे आकाराम," हे म्हणाले. "वडगावच्या बाजारात दलाली करत्यात. सुंदरीला बघाय आल्यात."

"कशापायी?"

"इकून टाकू. दोन वर्सं झाली, तुझी बोटं मोडाय लागल्यात ह्या म्हशीपायी. हिच्या बदली हलक्या धारंची बघू." आन् असं हसले, जणू मला सोन्याचा दागिनाच आणलाय.

माझं डोकं लई चालाय लागलं. म्हस घेणारा धार बघितल्याशिवाय घेत न्हाय. मी म्हटलं, धार मीच काढते, परक्याला ती लाथ मारती. मनात ठरवलं, आज हिला जडच काढायची. दलाल कटाळून निघून जाईल. म्हसबी ऱ्हाईल, तासबी ऱ्हाईल.

बसले. सड मुठीत धरायच्या ऐवजी निस्तं टोकाला चिमटीत धरलं आन् वढायचं सोंग केलं. दोऱ्यागत धार यायची आन् तुटायची. तिनं तर माझा हात लागताच पान्हा सोडला हुता. कास तटतटून आली, ती पाय बदलाय लागली, शेपूट आपटाय लागली. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला तिच्याकडं बघवंना. मी बादलीत बघत बसले.

आकाराम वाकून म्हणाला, "सड तर मऊ दिसत्यात वो. कासबी भरल्याली. मग काय हे?"

"सांगितलं न्हवं, जड हाय," हे म्हणाले. "रोज दोन्ही वक्ताला तास-तास जातोय हिचा."

"मग पावणं, घरात पाळायला कोण घ्याचं न्हाय हिला. मी न्हेतो, पर वजनावर."

वजनावर म्हंजे कुठं, ते सांगायची गरज न्हाय. कोडोलीतल्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय.

मला वाटलं, हे आता त्याला हाकलतील. त्यांचा आवाज मला ठावं हाय, एका हाळीत माणूस एस्टी स्टँडपर्यंत जाईल. पर हे मान खाजवत हुबे ऱ्हायले. सुंदरीच्या पाठीवर हात ठेवला. मग हळू म्हणाले, "न्ह्या. मुकं जनावर हाय, वाईट वाटतंय. पर बायकोच्या हातापरास म्हस मोठी न्हाय."

आकाराम दाव्याची गाठ सोडाय वाकला.

माझा माणूस माझ्या मायेपायी जिवंत जनावर कापाय देत हुता, आन् मी चिमटीत सड धरून बसल्याली!

"थांबा!" मी वरडले. "दाव्याला हात लावू नका!"

बादली गुडघ्यांत धरली आन् दोन्ही मुठींनी धार काढली. बादली अशी वाजाय लागली की आत्ती माजघरातनं उठून दारात आल्या. फेस वर आला, काठावरनं खाली गेला. बघता बघता कास मोकळी. आकारामनं मळाय घेतल्याली तंबाखू तळहातावरच ऱ्हायली.

"वैनी, ही जड व्हय?" तो हसाय लागला. "ही तर शाळंतलं पोरगंबी पिळंल की! दादा, आता दाम बोला, तुमी म्हणशीला तो."

"इकायची न्हाय," हे म्हणाले. आवाज अजिबात मोठा नव्हता. मला त्याचंच भ्या वाटलं.

आकाराम गेला. मी बादली धरून तशीच हुबी.

"मग तासभर आत काय करत हुतीस?"

"बसत हुते."

"बसून काय? फोन? रडत हुतीस? घरात कोण काय बोललं का तुला?"

"काय न्हाय वो. निस्ती बसत हुते. कुणी हाक मारू नये म्हणून!" हे शेवटचं मी त्यांच्याच आवाजात बोलले. गल्लीनं ऐकलं असंल.

"मी पाळी करून यायचो," ते म्हणाले, "घशाला कोरड पडल्याली असायची. तरी हाक मारत नव्हतो. गोठ्याच्या दारापतोर यायचो आन् माघारी फिरायचो, म्हस बुजंल म्हणून. तसाच बसायचो, तू येईस्तोवर. मला वाटायचं, माझी बायको आत राबतीया."

माठ सैपाकघरात, पेला माठावर. आपल्या हातानं पाणी घ्यावं, हे त्यास्नी कधी सुचलं न्हाय, ते सोडा. पर त्या वक्ताला मला ते बोलवलं न्हाय. त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

आत्ती दारातनं म्हणाल्या, "आमीबी जलमभर धारा काढल्या. आमाला न्हाय कधी असं बसाय लागलं."

माझं टाळकं सरकलं. "लागलं असंल आत्ती. मिळालं नसंल!"

त्या पदर सारखा करून आत गेल्या. हे अंगात शर्ट घालून कंपनीच्या गाडीला निघून गेले. डबा कट्ट्यावर तसाच. लगीन झाल्यापास्नं त्यांचा डबा पहिल्यांदा घरात ऱ्हायला.

सकाळी मी गोठ्यात गेले तर मागं टीव्ही सुरू. नेम मोडला. मोडणारच, आता धार कितीशी लागती हे समद्यास्नी कळलंतं. सुंदरीनं काय राग धरला न्हाय, हात लावला तसा पान्हा सोडला. मी मुद्दाम सावकाश काढत हुते, तरी झालीच. बादली बाजूला ठेवली आन् बसले, तेवढ्यात हाक आली.

"ए संयोगे! झाली न्हवं धार? आता काय अंडी घालतीयास व्हय आत?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, म्हस वाचली, तास गेला. असू दे. मी गुडघ्यावर हात ठेवून उठाय लागले, "आले" ओठावर आलंतं. तवाच फाटक वाजलं. रातपाळी करून हे आलेले.

आत्ती परत वरडल्या, "संयोगे!"

"आये," हे म्हणाले. आवाज पार दमल्याला. "हाक मारू नगंस तिला. म्हस जड हाय."

आत्तींनी काल सगळं डोळ्यांनी बघितलंतं. तरी त्यांनी टीव्ही बंद केला.

मी परत खाली बसले. खरं सांगते, त्या दिवशी मन अजिबात थांबलं न्हाय. कट्ट्यावरचा डबा डोळ्यांपुढनं हालंना. सुंदरीच्या पोटाला कपाळ टेकून मी रडले, आवाज न करता, नेम पाळून. पावलं गोठ्याच्या दारापतोर आली. थांबली. मग माघारी गेली. सैपाकघरात माठावरचा पेला वाजला. त्यांनी आपल्या हातानं पाणी घेतलं.