मेणातली आई

मे महिन्यात घराबाहेर पडताना पिशवीत कांदा ठेवला की उन्हाची लू लागत नाही, यावर नंदिनीचा काडीइतकाही विश्वास नव्हता. ती कॉलेजात साहित्य शिकवायची आणि अंधश्रद्धेबद्दलची तिची मतं ऐकून नागपूरच्या नंदनवन वस्तीतले शेजारी तिच्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोलत नसत. तरीही त्या सकाळी तिच्या पिशवीत कांदा होता. आणि तो स्वतःसाठी नव्हता, आईसाठी होता.

आई हिवाळ्यातच गेली होती. पण ऑपरेशनमध्ये काढलेल्या तिच्या अंडाशयाच्या गाठीचा नखाएवढा तुकडा इस्पितळानं मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवला होता. नंदिनीनं तो मागून आणला होता आणि रात्रभर फ्रिजमध्ये संत्रा बर्फीच्या शेजारी ठेवला होता. हे मेण नागपूरच्या उन्हातही सहजी वितळत नाही, हे तिनं वाचलं होतं. गाडीत एसीही होता. पण वाचणं आणि वागणं यांची तिच्याकडे कधी गाठच पडत नसे.

"मेणापाशी कांदा काहून टाकून राहिली वं?" वच्छलामावशीनं विचारलं. आईची ही धाकटी बहीण मौद्याहून मुद्दाम सोबतीला आली होती.

"असू दे गं."

"तुयी माय जिती होती तेव्हा कांदा ने म्हणे, तर तू तिले भाषण देत होती. आता ती नाही, तर तिलेच कांदा!"

जुन्या रिपोर्टात अंडाशयाचा कॅन्सर असं लिहिलं होतं, त्यातही वाईट जातीचा. ही जात कधीकधी आईकडून लेकीकडे येते. म्हणून नंदिनीची अंडाशयं आधीच काढून टाकायचं ठरलं होतं, जूनमधली तारीखसुद्धा मिळाली होती. मूल हवं की नको, हा प्रश्न ती आणि तिचा नवरा अपूर्व कित्येक वर्षं पुढे ढकलत होते. तो आता परस्पर निकालात निघणार होता. नंदिनीनं हे शांतपणे स्वीकारलं होतं. इतकं शांतपणे, की अधूनमधून ती आपल्या शांतपणाकडे कौतुकानं बघत असे. 'आईकडून आलेलं नाकारता येत नाही,' असं एक वाक्यही तिनं तयार ठेवलं होतं आणि ते स्टाफरूममध्ये दोनदा वापरून झालं होतं.

पण आईची हकिगत ऐकता ऐकता तिच्या डॉक्टरबाई थबकल्या होत्या. पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर आईला पुन्हा रक्तस्राव सुरू झाला होता. बाई म्हणाल्या होत्या, "आधी ती गाठ दुसऱ्या कुणाकडून नीट ओळखून घेऊ. मग कापाकापी."

म्हणून त्या सकाळी दोघी तो ठोकळा घेऊन पॅथॉलॉजिस्ट डॉ. धम्मानंद मेश्राम यांच्याकडे गेल्या. त्यांनी पिशवी उघडून वास घेतला. "कांदा?"

"लू लागू नये म्हून," मावशीनं तत्परतेनं सांगितलं. "हिच्या मायले."

नंदिनीला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. डॉक्टरांनी कांदा अदबीनं परत दिला आणि आठवड्यानं यायला सांगितलं.

आठवड्यानं त्यांनी दोघींना प्रयोगशाळेतच बसवलं. तिथे दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता.

"बघा. पेशीच्या केंद्रकावर मधोमध खाच दिसते? गव्हाच्या दाण्याला असते तशी. आणि मध्ये जरा जागा सोडून पेशी गोल बसल्यात. दाटीच्या भागात हे चटकन दिसत नाही, मग ही गाठ त्या नेहमीच्या कॅन्सरसारखीच वाटते. म्हणून रंग देऊनही पाहिलं. या गाठीच्या पेशी ज्या रंगानं तपकिरी झाल्या, त्यानं त्या कॅन्सरच्या सहसा होत नाहीत. हा ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर आहे. दुर्मिळ. हा स्वतःच बायकांची हार्मोन्स तयार करतो. रक्तस्राव त्याच्यामुळेच."

"म्हून तिची कातडी तुकतुकीत दिसे," मावशी हळूच म्हणाली, "अन् मी म्हणो, सुभद्राताई, बुढाप्यात जवानी आली का वं तुले..." तिनं तोंडाला पदर लावला.

"आणि मी?" नंदिनीनं विचारलं.

"हा सहसा घराण्यात उतरत नाही. आईला हा होता, एवढ्यावरून तुमची अंडाशयं काढायचं कारण मला दिसत नाही. तुमच्या बाईंना मी फोन करतो."

नंदिनीला आनंद व्हायला हवा होता. आधी झाली ती निराशा. तिचं नाक बाबांचं, केस आत्याचे. आईच्या हाताची चव तर तिच्या आसपासही फिरकली नव्हती. आईकडून आलेली एकच गोष्ट तिला मिळाली होती, तीही चुकीच्या पत्त्यावरची निघाली. एक कॅन्सर आपल्या वाट्याला आला नाही म्हणून खट्टू होणारी बाई नागपुरात तरी आपण एकटीच असू, असं तिला वाटलं.

"मग आईचे उपचार चुकले?"

"ऑपरेशन तेच करावं लागलं असतं. औषधं कदाचित वेगळी दिली असती. त्यानं त्या वाचल्या असत्या का, ते मला माहीत नाही. हो म्हटलं काय किंवा नाही म्हटलं काय, खोटंच होईल."

अशा वाक्यानंतर माणसं खिडकीबाहेर बघतात, असं तिनं पुष्कळ पुस्तकांत वाचलं होतं. प्रयोगशाळेला खिडकी नव्हती. तिनं पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावले. खाचेचे दाणे, गोल करून बसलेले. इतका वेळ एका जागी आई कधी बसलीच नव्हती. मग दाणे पुसट झाले, एकमेकांत मिसळले.

"मॅडम, लेन्स भिजतेय," डॉक्टर हलकेच म्हणाले आणि त्यांनी लेन्स पुसायचा कागद पुढे केला. नंदिनीनं त्यानं नाक पुसलं.

गाडीत बसल्यावर तिनं अपूर्वला फोन लावला. तयार ठेवलेलं वाक्य आता उपयोगाचं नव्हतं आणि दुसरं सुचत नव्हतं.

"ऑपरेशनची गरज नाही म्हणे."

पलीकडे त्यानं नाक ओढलेलं ऐकू आलं. "मग आता?"

"आता आपल्यालाच ठरवावं लागेल."

"काय?"

"काय म्हणजे? तेच."

"फोनवर काय ठरवून राहिले गा तुम्ही?" मावशी फोनकडे वाकून ओरडली. "घरी ये लवकर!"