उलट्या डागाचा घोडा

निकानोर लुहानच्या चुलाणापाशी कायदा एकच, निकानोरचा. त्याच्या स्वयंपाकाच्या गाडीचं मागचं फळकूट खाली पडलं आणि त्यावर त्यानं पीठ मळायला घेतलं, की तिथपासून जाळापर्यंतची सगळी जमीन त्याची. मुकादम लॉटन माळावर सगळ्या गड्यांना नाचवायचा, पण बिडाच्या पातेल्यावरचं झाकण उचलायची त्याची टाप नव्हती. घोडा वाऱ्याच्या बाजूला बांधून कुणी जेवणात धूळ उडवली, तर निकानोर त्याला काही बोलायचा नाही. फक्त त्याच्या घेवड्यात मिरची चार बोटं जास्त पडायची. गडी दुसऱ्या दिवशी खोगिरावर नीट बसू शकायचा नाही.

दर वसंतात ही गाडी माळावर निघायची. मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या नदीच्या अलीकडची ती सगळी खडकाळ, काटेरी जमीन पिंजून गडी गुरं गोळा करायचे, तापल्या लोखंडानं वासरांना मालकाचा डाग द्यायचे, आणि कामं संपेपर्यंत उघड्यावरच झोपायचे. संध्याकाळी जेवणं उरकली तरी उजेड बराच वेळ रेंगाळायचा. मग निकानोर चष्मा लावून काहीतरी वाचून दाखवायचा. कधी गुरांच्या बाजाराचं मासिक, कधी कुणाच्या खोगिराखाली सापडलेला जुना पेपर. ह्या वर्षी मात्र त्यानं चर्चच्या जुनवट सामानाच्या विक्रीतून एक जाडजूड कादंबरी आणली होती. वर घोड्याच्या कवटीचं चित्र. आत नुसता रक्ताचा चिखल.

गड्यांना ती पहिल्याच संध्याकाळी आवडली. लेखक लिहायचा भारी. पान-पानभर नुसतं आभाळच सांगत बसायचा, आणि मग एका ओळीत माणूस मारून मोकळा. जुन्या काळची गोष्ट, नदीकाठी फिरणारी बंदूकवाल्यांची टोळी, सरकारचा हात पाठीवर. एखाद्याचं डोकं फुटलं की टर्ली नावाचा हडकुळा गडी ताटली पुढे करून म्हणायचा, "आचारीबुवा, अजून एक वाढा."

"वाढतो," निकानोर म्हणायचा. "आधी आहे तो गिळ."

त्याला घाई नव्हती. तो त्या गावाच्या पानाची वाट बघत होता.

आता ही वाट कसली, ते सांगून टाकतो. निकानोरनं हे पुस्तक हिवाळ्यात एकट्यानं वाचून काढलं होतं, ओळीखाली बोट सरकवत. पाचवीत शाळा सुटलेला माणूस, अडलेला शब्द सोडून पुढे जायचा. मधे एक गाव आलं. नदीकाठचं, मातीच्या घरांचं. टोळी पहाटे येते, काट्याकुट्यांच्या कुडात बांधलेला घोडा बघते, त्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या मळेवाल्याचा डाग बघते, चोर म्हणून गावातले बाप्ये ओळीनं उभे करते आणि गोळ्या घालते. ते पान वाचून निकानोर उठून बाहेर गेला होता आणि परत येईपर्यंत कॉफी उतू गेली होती. कारण त्याचा आजा सेफेरिनो असाच मेला होता. नदीकाठी, एका तांबड्या घोड्यापायी. आजी पोरं घेऊन छातीभर पाण्यातून पल्याड गेली. घोडा ते लोक घेऊन गेले. आणि मागे राहिलं नाव. घोडेचोर. आज इतकी वर्षं झाली, तरी गावातल्या पेंडीच्या दुकानात निकानोर शिरला की कुणीतरी हसत म्हणायचंच, "लुहान आला रे. घोडे मोजून घ्या."

हसत म्हणायचं. तेच त्याला बोचायचं. रागानं म्हणालं असतं तर उत्तर देता आलं असतं.

आणि घोडा तर विकत घेतलेला. त्या काळी पावती कोण लिहिणार? विकणारा आपला डागायचा लोखंडी ठसा तापवायचा, आणि स्वतःचाच डाग उलटा करून जनावराच्या खांद्यावर मारायचा. पुठ्ठ्यावर सुलटा, खांद्यावर उलटा. म्हणजे आमचा होता, आता आमचा नाही. सगळ्या सरहद्दीला ही रीत ठाऊक. सेफेरिनोच्या घोड्याच्या खांद्यावर तो डाग होता. मारणाऱ्यांनी पुठ्ठा बघितला आणि बघणं थांबवलं. पुस्तकातल्या घोड्यालाही दोन्ही डाग होते. लेखकानं ते लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ कुठेच सांगितला नव्हता. तसाच टाकून पुढे गेला होता.

निकानोरनं हे स्वतः सांगायचं म्हटलं तर काय व्हायचं? नातू आजाची बाजू घेणारच, म्हणून लोक खांदे उडवणार. नाही. हे घोड्यांच्या धंद्यातल्या माणसांनी म्हणायला हवं होतं. न सांगता, आपल्या डोक्यानं. आणि त्यातही डोयल प्रॅदरनं. डोयल साठीचा, गुडघे वाकलेला, मेक्सिकोकडचे घोडे घेऊन विकण्यात हयात गेलेली. घोड्याबद्दल डोयलनं तोंड उघडलं की अख्खा तालुका ऐकायचा. आणि पेंडीच्या दुकानात ते "मोजून घ्या" सगळ्यात मोठ्यांदा म्हणायचा तोही डोयलच.

तर ते गाव आलं. निकानोरनं सावकाश वाचलं. घोडा आला, पोर आली, डाग आले, टोळी आली. डोयल खोगिराला डोकं टेकून, टोपी तोंडावर घेऊन पडला होता.

"सापडला ना घोडा कुडात?" तो टोपीखालून म्हणाला. "मग संपलं. घोडा चोरायचा आणि वर रडायचं."

"पुढं वाचा," टर्ली म्हणाला.

निकानोरनं पुस्तक मिटलं. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं तेच पान परत काढलं. गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या संध्याकाळीही तेच.

"आचारीबुवा, हे झालंय की," टर्ली म्हणाला. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"उसळ रोज तीच खाता ना? तेव्हा नाही म्हणत झालीय म्हणून."

डोयल उठून बसला. दिवसभर डागायला वासरं पाडून त्याची पाठ धरली होती. "अरे म्हाताऱ्या, एक तर वाचतोस असा, जसं लंगडं खेचर चढण चढतंय. त्यात तीच चढण रोज. हे काय वाचणं आहे? माझी आजी मेल्यावरसुद्धा ह्यापेक्षा बरं वाचेल."

सगळे हसले. निकानोर हसला नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि मुकादमाकडे पाहिलं.

"मुकादम, गाडीचा रिवाज काय?"

लॉटन दात कोरत होता. त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, मग त्याच्या मिशा हलल्या. "गाडीवर जो तक्रार करेल, त्यानं आचाऱ्याचं काम करायचं."

"ते रांधण्याचं," डोयल म्हणाला.

"गाडीवरचं काम ते गाडीवरचं काम," मुकादम म्हणाला. "मागल्या साली तू पाव कच्चे म्हणालास, आणि दुसऱ्या दिवशी तुझे पाव आम्ही कुत्र्यालाही घालू शकलो नाही. तेव्हा रिवाज मोडला नाही, आता कशाला मोडायचा?"

"मला चष्मा लागतो."

निकानोरनं आपला पुढे केला.

डोयलनं तो नाकावर ठेवला. त्याच्या कानाला तो घट्ट बसला. पुस्तक त्यानं असं धरलं, जसा पाय झाडणाऱ्या घोड्याचा खूर धरतात, लांब आणि सावध. टर्लीनं शीळ घातली. डोयलनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तशी ती शीळ मधेच विरली.

"कुठून?"

"पोर घोड्याला खाजवते तिथून," निकानोर म्हणाला. त्याचे हात पिठात होते. सकाळचं पीठ आत्ताच मळायची काही गरज नव्हती, पण हातांना काहीतरी हवं होतं.

डोयल वाचू लागला. आठवीपर्यंत शिकलेला गडी, पण त्यानंतर लिलावाच्या कागदाशिवाय काही वाचलेलं नाही. प्रत्येक शब्दापाशी थांबून, तो खरा आहे का हे बघून मगच पुढे जायचा.

"'पोरीनं... घोड्याच्या खांद्यावरून हात फिरवला. तिथे केस उगवत नव्हते. तिथे एक खुर्ची होती, पाय वर केलेली. पोरीला वाटायचं, घोड्याच्या अंगात कुणीतरी राहत होतं, आणि जाताना खुर्ची उलटी करून गेलं.'"

"कविता आहे," टर्ली म्हणाला.

"गप," मुकादम म्हणाला.

डोयल पुढे गेला. टोळी आली. सरदार घोड्यावरून उतरला नाही. त्यानं कुडावरून नुसती मान वाकवली. "'डाव्या पुठ्ठ्यावर खुर्ची होती. चार पाय जमिनीवर, जशी असायला हवी तशी. सरदार म्हणाला, एवढं पुरे.'"

डोयल थांबला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यानं एक पान मागे उलटलं. परत पुढे. परत मागे.

निकानोर पीठ मळत राहिला. मान वर केली नाही. इतक्या वर्षांची वाट, आणि आत्ता नुसतं एक वाक्य त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. त्यानं ते दाताखाली धरून ठेवलं.

"थांबा जरा," डोयल म्हणाला. "खांद्यावर उलटी?"

त्यानं दोन्ही पानांत एकेक बोट घातलं.

"पुठ्ठ्यावर सुलटी आणि खांद्यावर उलटी? मग हा घोडा विकलेला आहे." त्यानं चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं, जणू कुणीतरी त्यालाच फसवलं होतं. "अरे, विकलेला घोडा आहे हा. मालकानं स्वतः विकलाय. पल्याड अजून म्हाताऱ्यांकडे असे घोडे होते, मी स्वतः बघितलेत. ह्या सरदाराला एवढं कळत नाही? घोड्यावरून उतरून खांदा बघायला काय याच्या बापाचं जात होतं?"

"उतरला नाही तो," निकानोर म्हणाला.

"मग आता कुणीतरी सांगेल त्याला. गावातला कुणीतरी सांगेलच की." आणि डोयल घाईनं पुढच्या ओळीत शिरला, बोट खाली धरून. त्याला खरंच वाटत होतं, आता सुटतील. निकानोरला ते दिसलं. आणि त्याला त्या माणसाची थोडी दया आली, पण थोडीच.

गावातला एक म्हातारा पुढे येऊन काहीतरी सांगतो. त्याची भाषा सरदाराला येत नाही. म्हातारा आपल्या खांद्यावर हात आपटून दाखवतो. टोळीतले हसतात. ओळ उभी राहते.

डोयलनं पुस्तक निकानोरकडे केलं. "घे. बास."

निकानोरनं पिठाचे हात वर करून दाखवले.

"मला नाही वाचायचं हे."

"मला माहितीये."

"घोड्याचं कळलं ना? मग झालं. बाकीचं कशाला?"

"बाकीचं झालं म्हणून," निकानोर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुझ्या एका शब्दानं थांबलं असतं, तर मीही इथंच पुस्तक मिटलं असतं. थांबलं नाही. वाच."

डोयलनं मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं जाळात बघितलं. तिथं त्याची सत्ता नव्हतीच.

मग डोयल वाचू लागला. आता तो अडखळला तरी कुणी हसलं नाही. लेखकानं एकेकाचं लिहिलं होतं. एकाच्या तोंडात अजून मक्याची भाकर होती. एकानं सदऱ्याची गुंडी लावायला वेळ मागितला आणि तो मिळाला. खांद्यावर हात ठेवलेला तो म्हातारा शेवटचा होता. त्याच्यापाशी आल्यावर डोयलनं ती ओळ परत पहिल्यापासून वाचली, एकही शब्द न गाळता. टर्लीची ताटली गुडघ्यावर होती, ती तो खाली ठेवायला विसरला.

पान संपलं. डोयलनं चष्मा काढला.

ह्या मुलखात माणसाला त्याचं मागचं विचारत नाहीत. डोयलनंही विचारलं नाही. त्याला विचारता येण्यासारखं एकच होतं, ते त्यानं विचारलं.

"तुमच्याकडचा घोडा कुठल्या रंगाचा होता?"

"तांबडा," निकानोर म्हणाला. "मागचा एक पाय पांढरा."

"डाग?"

"पुठ्ठ्यावर सुलटा. खांद्यावर उलटा. आजीनं मरेपर्यंत काठीनं जमिनीवर काढून दाखवला. आम्हां पोरांना तिनं अक्षरांच्या आधी तो शिकवला."

डोयलनं मान हलवली. घोडा पारखताना हलवायचा तशी, हळू, दात बघून झाल्यावर. "म्हणजे विकलेला."

"विकलेला. आज्यानं दोन हंगाम मेंढरं कातरून घेतलेला."

"मी तुला..." डोयल म्हणाला, आणि थांबला. "त्या दुकानात मी जे बोलायचो..."

"बोलायचास. ऐकलंय मी." निकानोरनं पिठाचा गोळा झाकून ठेवला, हात पुसले, आणि पहिल्यांदा त्याच्यासमोर येऊन बसला. "मला माफी नको, डोयल. तिचं मी काय करू, पावाला लावू? तू आत्ता जे म्हणालास, ते तिथं म्हण. पेंडीच्या दुकानात. सगळे असतात तेव्हा."

"काय म्हणू?"

"घोडा विकलेला होता. एवढंच. तुझ्या तोंडून."

डोयल विचारात पडला. हे सोपं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. दुकानात जे बसतात, त्यांच्यातल्या काहींचे आजे सेफेरिनोला मारणाऱ्यांत होते. त्यांच्याशीच डोयलचा व्यवहार. उद्या त्यांनी त्याच्याकडचा घोडा घ्यायचं थांबवलं, तर त्याचं म्हातारपण कुठल्या खुंटीला टांगायचं?

"तिथं हसतील," तो म्हणाला.

"हसू देत. मी इतकी वर्षं ऐकतोय, तू एक दिवस ऐक."

"हसण्यावारी नाही नेलं, तर?"

"मग मी शेजारी उभा असेन. मीही येणार आहे."

डोयलनं टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि परत काढली.

"शनिवारी भरतं दुकान," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"सकाळी लवकर जाऊ. थेल्मन आणि त्याचा भाऊ दहाच्या आत येतात. त्यांचा आजा होता त्यात. त्यांच्यासमोरच म्हणतो. नाहीतर मागून पसरतं आणि त्याचं भलतंच होतं."

"माझी मोटारगाडी बंद पडते मधे मधे," निकानोर म्हणाला.

"माझ्या गाडीतनं जाऊ," डोयल म्हणाला, आणि मुकादमाकडे वळला. "लॉटन, शनिवारी आम्ही दोघं नाही. जेवणाचं तुमचं तुम्ही बघा."

मुकादमानं दात कोरायची काडी जाळात टाकली. "आपण सगळेच जाऊ," तो म्हणाला. "गुरं कुठं पळत नाहीत."